चाळीस नावं आणि एक फुली

माणूस ऐकलेलं कसं समजून घेतो हे मोजायला माझ्याकडे तीन साधनं होती: एक स्टॉपवॉच, चाळीस सायक्लोस्टाइल तक्ते आणि दोन शेर ज्वारी. स्टॉपवॉच कॉलेजच्या क्रीडा विभागातून मागून आणलेलं होतं आणि चालू व्हायला दोनदा दाबावं लागे. तक्ते आमच्या सरांनी करून दिले होते. ज्वारी मात्र आमच्या घरची होती आणि ती संशोधनाला लावल्याबद्दल आईनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

नांदेडला मानसशास्त्रात एम.ए. करून मी तेव्हा मुखेडला घरी बसले होते. वडील एका कचेरीत शिपाई. आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे सरांनी आपल्या प्रकल्पावर मला घेतलं तेव्हा वडिलांनी अख्ख्या वस्तीत सांगितलं, की पोरगी रिसर्चला लागली. सांगण्याचा सूर असा, की ऐकणाऱ्याला वाटावं हे तलाठ्याच्या वरचं आणि तहसीलदाराच्या जरा खालचं पद असणार. मीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

सर पुण्यात शिकलेले. आमच्या भागात नोकरी लागल्याचं दुःख ते इस्त्रीच्या शर्टात नीट घडी घालून वागवत. प्रकल्पाचं नाव होतं ‘ग्रामीण भागातील संदेशांचे आकलन’. सरांना धुळीचा त्रास होता, त्यामुळे ग्रामीण भागात मी जायचं आणि आकलन त्यांनी करायचं, अशी वाटणी झाली.

पद्धत सोपी होती. एका बाईला बारा बाबी असलेला मजकूर वाचून दाखवायचा. मग दहा मिनिटं तिला दुसऱ्या कामात गुंतवायचं, म्हणजे ऐकलेलं तिला मनात घोकता येणार नाही. मग विचारायचं, की काय ऐकलंत ते सांगा. बारांपैकी जेवढ्या बाबी येतील तेवढे गुण. सहाच्या वर गेली तर यादीत नावापुढे बरोबरची खूण, खाली राहिली तर फुली. फुलीचा अर्थ एवढाच, की हिची पुन्हा चाचणी घ्या. मधल्या दहा मिनिटांत पुस्तकाप्रमाणे शंभरापासून तीन-तीन कमी करत उलटं मोजायला लावायचं असतं. ते मी घरी आईवर करून पाहिलं. ती सत्त्याण्णवपर्यंत आली आणि म्हणाली, याच्यासाठी तुला शिकवलं का. म्हणून मी ज्वारी काढली. ताटात पसाभर ज्वारी द्यायची आणि खडे निवडायला सांगायचं. सरांना ही युक्ती फार आवडली. त्यांनी तिला ‘मध्यंतरीचे कार्य’ असं नाव दिलं आणि ती स्वतःची असल्यासारखं सगळ्यांना सांगितलं.

एक नियम मात्र त्यांनी मला बजावून बजावून शिकवला. समोरच्या बाईनं काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की तिचं आकलन बिघडतं. फक्त म्हणायचं, “तुम्हाला काय वाटतं?” चेहऱ्यावर काही न दाखवता. सरांनी मला स्वतःसमोर बसवून हे वाक्य वीस वेळा म्हणायला लावलं. विसाव्या वेळी माझा चेहरा बँकेच्या काउंटरवरच्या माणसासारखा झाला, तेव्हा ते समाधान पावले.

मजकूर सरांनी स्वतः लिहिला होता. काल्पनिक, पण खरा वाटेल असा. दुष्काळाचं वर्ष होतं, त्यामुळे विषय शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. पाझर तलावाचं काम निघणार आहे. ज्या प्रौढ स्त्रियांना काम हवं त्यांनी शनिवारच्या आत शाळेत येऊन नाव आणि वय द्यावं. हत्यारं तिथे मिळतील. लहान मुलांसाठी सावलीची सोय असेल. अशा बारा गोष्टी. हे सगळं खोटं आहे हे बायकांना कधी सांगायचं, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, “अभ्यास संपल्यावर.” अभ्यास कधी संपतो हे त्यांनी सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण नोकरी माझी होती.

गाव जळकोटच्या अलीकडचं, फाट्यावरून दोन कोस आत. आमच्या मुखेडपासून लांब नव्हतं, पण मधून जिल्ह्याची हद्द जायची आणि पलीकडचा जिल्हा नवा कोरा होता. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. जुन्या जिल्ह्यातून फायली पोत्यांत भरून येत होत्या, कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या, आणि कुठलं खातं कुठल्या गल्लीत आहे हे रिक्षावाल्यालाच काय, खात्यालाही सांगता येत नव्हतं. मी परवानगी घ्यायला गेले त्या कचेरीत खुर्च्या आल्या नव्हत्या, पण शिक्का आला होता. नव्या जिल्ह्याच्या नावाचा. कारकून त्यावर इतका खूष होता, की त्यानं माझ्या अर्जावर मारला, अर्जाच्या नकलेवर मारला, आणि मागे जोडलेली चाळीस बायकांची यादी दिसली तर तिच्या दोन्ही प्रतींवरही मारला. यादीला शिक्क्याची गरज नाही असं मी म्हणाले. तो म्हणाला, “असू द्या की बाई, शिक्का कधी वाया जात न्हाई.” या एका बाबतीत तो खरा निघाला.

गावात शाळेच्या व्हरांड्यात मी सतरंजी टाकून बसले. गुरुजींनी पहिली बाई पाठवली. चाळिशीची, उंच, काटक, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. घरची चार एकर कोरडवाहू जमीन, त्यात औंदा काहीच उगवलं नव्हतं, नवरा दम्यानं अंथरुणाला, दोन मुली. ही माहिती मी तक्त्यात ‘पार्श्वभूमी’ या रकान्यात भरली. मी तिला मावशी म्हणाले. तिनं मला बाई म्हणता म्हणता गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “बरं, वाचा.”

मी वाचलं. स्टॉपवॉच दोनदा दाबलं. ताट पुढे केलं. ती खडे निवडायला लागली आणि निवडता निवडताच तिनं विचारलं, हे तळं कोणत्या शिवारात. मी म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?” तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, तिथं प्यायला पाणी असेल की घरून न्यायचं. मी पुन्हा तेच म्हणाले. ती म्हणाली, मग घरूनच न्यायचं. असं करत तिनं सात-आठ गोष्टी विचारल्या. हत्यार मोडलं तर कुणाचं? धाकटी मुलगी सहा वर्षांची, तिला सावलीत बसवतील की लहान म्हणून फक्त अंगावरचीच? आजारी माणसाला दुपारी भाकर द्यायला घरी येता येईल का? प्रत्येक प्रश्नाला मी चेहरा कोरा ठेवून माझं एकुलतं एक वाक्य म्हटलं. शेवटी तिनं ताट बाजूला सारलं. दहा मिनिटांत तिनं ज्वारी अशी निवडली होती, की पुढच्या बाईला निवडायला मला खाली वाकून मूठभर खडे परत टाकावे लागले. मग ती म्हणाली, “बाई, येक सांगा. नाव दिलं, आन् तरी काम न्हाई मिळालं, तर कुणाला सांगायचं?”

मी म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

काय ऐकलंत ते सांगा, असं मी विचारलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, की तळ्याचं काम निघणार, शाळेत नाव द्यायचं, शनिवारच्या आत. बाकी सगळं तिनं आधीच प्रश्नांतून विचारून टाकलं होतं, आणि प्रश्नांना गुण नव्हते. बारांपैकी तीन. मी फुली मारली आणि तक्त्यावर शेरा लिहिला: प्रतिसादक विषयांतर करते.

पहिल्या दिवशी ती एकटीच झाली. दुसऱ्या दिवसापासून मात्र चमत्कार झाला. एकेक बाई यायची, पदर सावरून ताठ बसायची, मान खाली घालून मुकाट्यानं ज्वारी निवडायची आणि विचारताच धडाधड बोलायला लागायची. बारांपैकी अकरा, बारांपैकी बारा. एकीनंही काही विचारलं नाही. आणि आणखी गंमत म्हणजे सगळ्याजणी शेवटी एक तेरावी गोष्ट सांगायच्या, जी मजकुरात नव्हतीच: प्यायचं पाणी ज्याचं त्यानं घरून न्यायचं. ही ओळ एकोणचाळीस बायकांना आठवली, एकीच्याही बाबतीत ती मी वाचली नव्हती. मी थक्क झाले. सर तर नांदेडला खुर्चीतून उठलेच. ते म्हणाले, हाच तो पुरावा. माणूस ऐकलेलं जसंच्या तसं साठवत नाही, आपल्या अनुभवाच्या साच्यात घालून पुन्हा घडवतो. दुष्काळी मनाचा साचा. एकोणचाळीस स्वतंत्र मनं, आणि एकच न ऐकलेलं वाक्य! त्यांनी त्याच दिवशी एका परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला. मलाही भरून आलं. आपण काहीतरी मोठं शोधलं आहे असं आयुष्यात मला त्या एकाच आठवड्यात वाटलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच बायकांना विचारायचं होतं, किती टिकलं ते पाहायला. त्यासाठी यादीची एक प्रत, माझ्या खुणांसकट, मी गुरुजींकडे ठेवून आले होते, म्हणजे ते बायकांना आधी सांगून ठेवतील.

पंधरा दिवसांनी गेले तर शाळेत कुणीच नाही. गुरुजी म्हणाले, सगळ्या तळ्यावर. कुठल्या तळ्यावर? ते माझ्याकडे जरा नवलानं पाहायला लागले. तुम्हीच नाही का नोटीस वाचली, म्हणाले. नेमकं त्याच आठवड्यात पलीकडच्या शिवारात खरोखरच पाझर तलावाचं काम निघालं होतं. मुकादम गावात आला, नावं कुठे नोंदवली म्हणून विचारलं, लोकांनी एका तोंडानं शाळा सांगितली. गुरुजींकडे यादी होतीच. नावं होती, वयं होती, नव्या जिल्ह्याचा शिक्का होता, आणि प्रत्येक नावापुढे मंजूर-नामंजूरही होतं. मुकादम खूष झाला. म्हणाला, हा जिल्हा कामाचा दिसतो. एकोणचाळीस बायका हजेरीपटावर चढल्या.

मी विचारलं, आणि फुलीवाली?

गुरुजी म्हणाले, “तिला तुमीच तर नापास केलं.”

मला राग आला. कुणाचा ते कळायला वेळ लागला. आधी गुरुजींचा आला, मग मुकादमाचा, मग त्या शिक्केवाल्या कारकुनाचा, आणि सगळे संपल्यावर एकच माणूस उरलं. मी तिच्या घरी गेले.

ती दारात बसून फाटक्या पोत्याला टाके घालत होती. मला पाहून उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. टँकरचं, गढूळ, पण काठोकाठ. आता इथे मला कबूल करायला हवं, की मी तिचं बोलणं नंतर ऐकलं, आधी माझं सगळं लक्ष त्या तांब्याकडे होतं. घरातलाच आहे की वेगळा ठेवलेला, वरून ओतते की हातात देते. आमच्या घरात हे शास्त्र एम.ए.शिवाय शिकवलं जातं. तिनं तांब्या हातात दिला, मी प्याले, आणि उरलेलं ती स्वतः प्याली. मग मला लाज वाटली, कारण तिच्याबद्दलचा अंदाज मी आडनाव सांगितलं त्या दिवशीच बांधून टाकला होता.

काम मिळालं नाही म्हणून ती माझ्यावर चिडेल अशी तयारी करून मी गेले होते. ती चिडलेली नव्हती. ते जास्त वाईट होतं. तिचं म्हणणं होतं, चूक तिचीच. परीक्षेला बसल्यावर कुणी उलट प्रश्न विचारतं का. पण तिला ते उशिरा कळलं. घरी जाताना तिला वाटलं, ही बाई प्रत्येक प्रश्नाला तुम्हाला काय वाटतं म्हणते, म्हणजे हिला सगळं माहीत आहे आणि ही आपल्याला जोखते आहे. म्हणून संध्याकाळी टँकरच्या रांगेत उभी राहून तिनं बाकीच्या बायकांना शिकवलं.

“समद्यांकून म्हनून घेतलं बगा,” ती म्हणाली. “इचारायचं काई न्हाई, मुंडी खाली घालायची, आन् बाईनं वाचलं ते सांगायचं. प्यायचं पानी ज्याचं त्यानं न्यायचं, हे बी सांगा म्हनलं. ते तुमी सांगितलं नव्हतं, पर मला वाटलं, तेच हिला आपल्याकून पायजे हाय.”

तिनं मला मग सगळी नोटीस म्हणून दाखवली. पोत्यातून सुई काढत, शांतपणे, बाराच्या बारा बाबी, माझ्या आवाजातल्या थांब्यांसकट. रांगेत घागरी पुढे सरकवत तिनं एकोणचाळीस बायकांना एका संध्याकाळी जे शिकवलं, त्याला आमच्या विभागात दोन वर्षं लागतात आणि तरी मुलं विसरतात. ज्या बाईला मी तीन गुण दिले होते, तिनं पढवलं म्हणून बाकीच्या सगळ्या अकरा-बारापर्यंत गेल्या होत्या. सरांची एकोणचाळीस स्वतंत्र मनं म्हणजे ही एकटी बाई होती.

तोवर तिचे पंधरा दिवस कामाविना गेले होते. थोरल्या मुलीला तिनं शाळेतून काढून एका घरी गोठ्यातलं शेणकूट करायला पाठवलं होतं, हे मला शेजारणीनं सांगितलं. तिनं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून मी लातूर गाठलं. निघण्याआधी घरी बसून यादीची नवी प्रत काढली, तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि गुणांच्या रकान्यात तीनऐवजी बारा लिहिले. संशोधनात याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. मी ठसठशीत अक्षरात लिहिले. कचेरीत आता खुर्च्या आल्या होत्या. कारकुनानं यादी पाहिली नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही, शिक्क्याला शाई लावली आणि मारला. मी ती तशीच मुकादमाकडे नेऊन दिली. त्यानं जुनी बाजूला ठेवली, नवी वर ठेवली, आणि हजेरीपटावर चाळिसावं नाव लिहिलं. एवढंच होतं ते. पंधरा दिवस ज्यापायी गेले ते काम पाच मिनिटांचंही नव्हतं.

सरांना मी नांदेडला जाऊन सगळं सांगितलं. न ऐकलेलं वाक्य कुठून आलं, ते टँकरच्या रांगेपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निबंध टंकलेखनाला गेला होता. ते म्हणाले, “हिची नोंद बाकीच्यांशी जुळत नाही. हिला वगळू या.” मी म्हणाले, सर, बाकीच्या सगळ्या हिच्याशीच जुळतात. त्यांनी विचारलं, तुला काय वाटतं, हे छापायला कुणी घेईल? चेहऱ्यावर काही न दाखवता. निबंधात एकोणचाळीस स्त्रिया राहिल्या. दुष्काळी मनाचा साचा परिषदेत गाजला असं ऐकलं. त्यात आभार मानलेल्यांत शेवटी माझंही नाव होतं.

पुढच्या आठवड्यात मी तळ्यावर गेले. दुपार होती, बायका पाट्यांतून माती वाहत होत्या. नोटिशीतली सावलीची सोय कुठे दिसत नव्हती. प्यायचं पाणी ज्याचं त्यानं घरून आणलं होतं. ती बांधाच्या चढावर मला दिसली. मीही दिसले असावे, कारण पाटी रिकामी करून ती सरळ माझ्याकडे आली आणि बरोबरच्या बायकांना म्हणाली, याच बाई, यांनीच मला पास केलं. बायका हसल्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण मी सांगायलाच आले होते. ती नोटीस खोटी होती, आमच्या सरांनी लिहिलेली. परीक्षा वगैरे काही नव्हतं. ती फुली कामासाठी नव्हती. अभ्यास संपल्यावर सांगायचं ते मी सांगून टाकलं.

बायकांचा त्यावर विश्वास बसला नाही. तळं तर समोर खोदलं जात होतं. एकजण म्हणाली, बाई थट्टा करतात. मावशीनं मात्र ऐकून घेतलं आणि डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

“मंग त्ये राहिलंच की,” ती म्हणाली. “नाव देऊन काम न्हाई मिळालं, तर कुणाला सांगायचं? म्या इचारलं व्हतं.”

लातूरची ती कचेरी मला आठवली, पोत्यांतल्या फायली, कोण कुठे बसतं ते कुणालाच माहीत नसलेली ती गल्ली. मी म्हणाले, “मावशी, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं.”

तिनं चुंबळ पुन्हा डोक्यावर बसवली.

“हेच तवा बोलला असता,” ती म्हणाली, “तर म्या दुसऱ्या कुणाला इचारलं असतं.”